दिवाळीपुरतं दुकानातलं काम: आधी विचारा, पगार कोण देणार?

दुकानाच्या काचेवर "मुलं-मुली पाहिजेत" अशी पाटी लागते, तोवर चांगल्या जागा बहुतेक भरलेल्या असतात. उरतात त्या जास्त तासांच्या, कमी पैशांच्या, नाहीतर कोणीतरी दोन दिवसांत सोडून गेलेल्या. म्हणून हंगामी काम शोधायचं तर पाटी बघत फिरण्याआधी दोन गोष्टी समजून घ्यायला हव्यात. भरती केव्हा होते, ही पहिली. तुमचं नाव कोणाच्या हजेरीपटावर लागणार, ही दुसरी. ही दुसरी जास्त महत्त्वाची, कारण पगार, कपात, ओव्हरटाइम आणि शेवटचे पैसे अडले तर कोणाचं दार वाजवायचं, हे सगळं तिच्यावरच ठरतं.

भरती पंचांगावर चालते

बाजाराचा हंगाम इंग्रजी महिन्यांनी मोजला की चूक होते. 2025 मध्ये गणेश चतुर्थी 27 ऑगस्टला होती आणि लक्ष्मीपूजन 21 ऑक्टोबरला. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ आला, त्यामुळे गणेश चतुर्थी 14 सप्टेंबरला, दसरा 20 ऑक्टोबरला आणि लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला. म्हणजे सगळा हंगाम अडीच आठवड्यांहून जास्त पुढे सरकला. "गेल्या वर्षी ऑगस्टच्या शेवटी घेतलं होतं" म्हणून त्याच तारखेला दुकानात गेलात तर उत्तर मिळेल, "अजून वेळ आहे, पंधरा दिवसांनी या." तारीख लक्ष्मीपूजनापासून उलटी मोजा.

साखळी दुकानं, म्हणजे मॉलमधली कपड्यांची, चपला-बुटांची, इलेक्ट्रॉनिक्सची मोठी नावं, साधारण सहा ते आठ आठवडे आधी माणसं ठरवतात. त्यांच्या स्टोअर मॅनेजरला मनात आलं म्हणून माणूस घेता येत नाही. हंगामासाठी किती जागा वाढवायच्या याची मंजुरी वरून यावी लागते, मग ती मागणी मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीकडे जाते. मंजुरीच्या आधी दिलेला बायोडेटा खणात पडून राहतो. मॅनेजरला सरळ विचारा, "सीझनच्या जागा मंजूर झाल्यात का? कोणत्या एजन्सीतून घेता?" एजन्सीचं नाव कळलं तर अर्धं काम झालं.

पेठेतल्या दुकानांचं तंत्र वेगळं. पुण्यात लक्ष्मी रोड, दादरला रानडे रोड, कोल्हापुरात महाद्वार रोड, नागपुरात सीताबर्डी: इथले दुकानदार दोन-तीन आठवडे आधी माणसं बघतात, आणि बहुतेक वेळा आपल्याच जुन्या नोकराला सांगतात, "तुझ्या ओळखीतलं कोणी असेल तर आण." ओळखीनं आलेल्या माणसाची जबाबदारी आणणाऱ्यावर असते, म्हणून शेठला हा रस्ता आवडतो. ओळख नसेल तर स्वतः जा, पण संध्याकाळी किंवा शनिवार-रविवारी नको. दुकान उघडून पूजा झालेली असते आणि गिऱ्हाइकांची गर्दी सुरू व्हायची असते, असा साडेअकरा ते साडेबाराचा तास बरा. भवानी व्हायच्या आत काम मागायला आलेला माणूस काही दुकानदारांना रुचत नाही. श्रद्धा म्हणा, काही म्हणा, वेळ थोडी पुढची धरा.

ऑनलाइन कंपन्यांची गोदामं सगळ्यांत आधी भरती करतात, कारण त्यांचा सेल दिवाळीच्या कितीतरी आधी लागतो. 2025 मध्ये फ्लिपकार्ट आणि ॲमेझॉन दोघांचे मोठे सेल 23 सप्टेंबरला सुरू झाले, दिवाळीच्या चार आठवडे आधी. भिवंडी आणि चाकण पट्ट्यातल्या गोदामांत त्याआधी महिनाभर माणसं घेणं चालू असतं.

दिवाळी हा एकच हंगाम नाही, हेही ध्यानात ठेवा. जूनच्या तोंडावर वह्या, दप्तरं, गणवेश, रेनकोट यांची दुकानं माणसं घेतात. तुळशीचं लग्न झालं की बस्त्याची गर्दी सुरू होते आणि साड्यांच्या दुकानांना थेट उन्हाळ्यापर्यंत जादा हात लागतात. अधिक महिन्यात लग्नं होत नाहीत, त्यामुळे 17 मे ते 15 जून 2026 या काळात हे काम मंदच. जानेवारी आणि जुलैच्या आसपास मॉलमध्ये हंगामअखेरचे सेल लागतात.

चार मालक, चार हजेरीपट

दुकान एकच असलं तरी आत उभी असलेली माणसं एकाच मालकाची असतील असं नाही. इलेक्ट्रॉनिक्सच्या शोरूममध्ये तुम्हाला फ्रिज दाखवणारा मुलगा फ्रिज कंपनीचा, मोबाइलच्या काउंटरवरची मुलगी मोबाइल कंपनीची, बिल करणारा एजन्सीचा आणि फक्त मॅनेजर दुकानाचा, असं सर्रास असतं.

पहिला प्रकार, थेट दुकानदार. बोलणी तोंडी, पगार रोख किंवा यूपीआयनं, चहा-नाश्ता बहुधा दुकानाचा. फायदा असा की निर्णय तिथल्या तिथे होतो आणि उचलही मिळते. तोटा असा की कागद काहीच नसतो.

दुसरा, एजन्सी. टीमलीज, क्वेस, रँडस्टॅड, ॲडेको ही या क्षेत्रातली मोठी नावं. शिवाय शहराशहरांत छोटे ठेकेदार असतात. इथे काम दुकानात, पण मालक एजन्सी. रजा मागायची मॅनेजरकडे, पगाराचं विचारायचं एजन्सीच्या माणसाला. तो माणूस बहुतेकदा वीस-पंचवीस दुकानं सांभाळत असतो आणि फोन उचलत नाही. त्यामुळे जे बोलणं होईल ते व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलवर लेखी ठेवा. ठेकेदारानं पगार दिलाच नाही, तर तो देण्याची जबाबदारी कायद्यानं मूळ मालकावर, म्हणजे ज्याच्या जागेत काम केलं त्या कंपनीवर येते. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं आणि माहीत नसल्यामुळेच पैसे बुडतात.

तिसरा, ब्रँडचा प्रमोटर, म्हणजे कंपनीनं आपला माल विकायला दुकानात उभा केलेला माणूस. याला ठरलेला पगार थोडा आणि विकलेल्या प्रत्येक नगामागे इन्सेंटिव्ह. रुजू होण्याआधी एक प्रश्न विचाराच: नग मोजायचा कशावरून? बिलावर तुमचा कोड पडतो की मॅनेजर वहीत लिहितो? वहीत लिहीत असेल तर रोज संध्याकाळी बिल क्रमांकांची नोंद स्वतःकडे ठेवा. परत आलेल्या मालाचा इन्सेंटिव्ह कापतात का, हेही तेव्हाच विचारा.

चौथा, गोदाम. इथे गिऱ्हाईक नाही. हातात स्कॅनर, रॅकवरून माल काढणं, पॅक करणं, पिनकोडनुसार पार्सलं लावणं. बोलता येत नाही म्हणून दुकानात नको वाटणाऱ्यांना हे बरं पडतं. पण तासाला किती नग काढलेत हे यंत्र मोजत असतं आणि एका पाळीत काही किलोमीटर चालणं होतं. पहिल्या आठवड्यात सोडून जाणाऱ्यांतले बरेच जण पायांमुळे सोडतात. कडक नवे बूट घालून पहिल्या दिवशी जाऊ नका. गोदामाची बस कुठल्या नाक्यावरून, किती वाजता आणि रात्रपाळी संपल्यावर परत सोडते का, हे आधी कळलं पाहिजे. स्वतःच्या खर्चानं रिक्षा करावी लागली तर दिवसाच्या कमाईचा मोठा तुकडा तिथेच जातो.

सांगितलेला पगार आणि हातात पडणारा पगार

एजन्सीचा माणूस फोनवर म्हणतो, "सतरा हजारांच्या वर आहे." हातात तेरा हजारही येत नाहीत आणि मुलांना वाटतं फसवलं. बहुतेक वेळा फसवलेलं नसतं, आकडा सीटीसीचा, म्हणजे मालकाला तुमच्यावर होणाऱ्या एकूण खर्चाचा असतो. हिशोब बघा.

समजा मूळ पगार 15,000 रुपये आहे आणि भत्ते नाहीत. भविष्य निर्वाह निधीचे, म्हणजे पीएफचे तुमचे 12 टक्के, म्हणजे 1,800 कापले जातात. ईएसआयचे (कर्मचारी राज्य विम्याचे) तुमचे 0.75 टक्के, म्हणजे 113. व्यवसाय कर 200, फेब्रुवारीत 300. उरले 12,887. महाराष्ट्रात स्त्रियांना महिना 25,000 पर्यंतच्या पगारावर व्यवसाय कर नाही, त्यामुळे बाईच्या हातात 13,087 येतील. आता उलट्या बाजूनं: मालक स्वतःचा पीएफचा वाटा आणि त्याचे आनुषंगिक खर्च मिळून 13 टक्के, म्हणजे 1,950 भरतो, आणि ईएसआयचे 3.25 टक्के, म्हणजे 488. ते 15,000 मध्ये मिळवले की 17,438. हीच ती "सतरा हजारांच्या वर"ची रक्कम. म्हणून फोनवर एकच वाक्य: "इनहँड किती?"

पीएफ कापला म्हणजे पैसे गेले असं नाही, ते तुमच्याच खात्यात जातात. ईएसआयचाही उपयोग आहे. नोंदणी झाल्यापासून औषधोपचार मिळतो, कामावर अपघात झाला तर भरपाईसाठी किती दिवस काम केलं याची अट नाही. आजारपणातल्या पगारासाठी मात्र एका सहामाहीत 78 दिवसांची वर्गणी लागते, ती दीड महिन्याच्या हंगामात भरत नाही.

दुसरी गफलत दिवसाच्या दराची. महिन्याचा 15,000 हा पगार 30 नं भागला तर दिवस 500 चा, 26 नं भागला तर सुमारे 577 चा. बावीस दिवस काम करून सोडलं तर दोन पद्धतींत जवळपास सतराशे रुपयांचा फरक पडतो. कोणता भागाकार, हे आधी ठरवा.

दराची खालची मर्यादा सरकार ठरवतं. महाराष्ट्रात दुकानांतल्या कामासाठी किमान वेतनाचे दर परिमंडळानुसार, म्हणजे भागानुसार, आणि कुशल, अर्धकुशल, अकुशल या वर्गांनुसार वेगळे असतात, आणि त्यातला विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी, जानेवारी आणि जुलैपासून बदलतो. म्हणून कोणाच्या जुन्या फोटोतला तक्ता ग्राह्य धरू नका, कामगार आयुक्तालयाच्या संकेतस्थळावरचा चालू सहामाहीचा बघा. "हंगामी आहेस, तुला हे लागू नाही" असं कोणी म्हणालं तर ते खोटं आहे. किमान वेतन हंगामी माणसालाही लागू आहे, दुकान कितीही लहान असो.

तास

हंगामात खरी झीज इथे होते. सकाळी दहाला शटर वर, रात्री दहालाही गिऱ्हाईक उठत नाही, मग घड्या घालणं, माल लावणं, झाडलोट. राज्याच्या 2017 च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यानुसार आठवड्याला 48 तासांच्या वर काम झालं की त्या तासांचे पैसे दुप्पट दरानं. दिवस 550 रुपयांचा धरला आणि तो आठ तासांचा मानला, तर तास 68.75 रुपयांचा होतो, दुप्पट दर 137.50. तुम्ही सहा दिवस रोज दहा तास काम केलं (जेवणाची सुट्टी वगळून), तर आठवड्याचे 60 तास झाले. बारा जादा तासांचे 1,650 रुपये, नेहमीच्या 3,300 च्या वर. म्हणजे 4,950. दुकानदार 3,300 च देत असेल, तर जादा बारा तास दुप्पट धरून ते 72 तासांचे पैसे झाले, म्हणजे आठ तासांचा तुमचा रोज खरं तर 550 चा नाही, 367 चा आहे. घासाघीस करायला बसताना हा आकडा डोक्यात असू द्या.

या कायद्यातली बरीच कलमं ठरावीक संख्येहून जास्त नोकर असलेल्या दुकानांनाच लागू होतात. ही संख्या मुळात 10 होती, ती 20 करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळानं सप्टेंबर 2025 मध्ये घेतला. पाच-सहा माणसांच्या दुकानात दुप्पट दराचा कायदा दाखवून फारसं निघत नाही. तिथे तासांचं बोलणं रुजू होण्याआधीच उरकावं लागतं. "रात्री नऊनंतर थांबलं तर किती?" एवढं विचारलं तरी पुरतं. मोठ्या दुकानांत आठवड्याची सुट्टी रद्द करून बोलावलं तर त्या दिवसाची मजुरी दुप्पट आणि बदली सुट्टी दोन महिन्यांच्या आत द्यावी लागते. रात्री साडेनऊनंतर बाईला थांबवायचं तर तिची संमती हवी आणि सुरक्षिततेची व्यवस्था मालकानं करायची.

बसण्याबद्दल मात्र आपल्याकडे कोणी बोलत नाही. केरळनं 2018 मध्ये आणि तमिळनाडूनं 2021 मध्ये दुकानातल्या नोकरांना बसायला जागा देण्याची तरतूद कायद्यात केली. आपल्याकडे साडीच्या दुकानातला गादीवरचा माणूस तरी बसून माल दाखवतो. मॉलमधली मुलगी दिवसभर उभी.

कागद, आणि ते कुठे अडतात

आधार, पॅन, बँक पासबुक, दोन फोटो, शेवटच्या परीक्षेची गुणपत्रिका. यादी सोपी आहे, पण रुजू होण्याची प्रक्रिया अडते ती नावावर. आधारवर माहेरचं नाव, पॅनवर सासरचं. एकीकडे वडिलांचं नाव मधे, दुसरीकडे नाही. पीएफचं खातं आधारवरच्या नावानं आणि जन्मतारखेनंच उघडतं. अक्षर इकडचं तिकडे झालं की नोंदणी थांबते आणि पहिला पगार लटकतो. हंगामाच्या दोन महिने आधी सगळे कागद शेजारी शेजारी ठेवून नाव जुळतं का ते बघा. आधारला चालू मोबाइल नंबर जोडलेला हवा, नाहीतर ओटीपी कुठे येणार? बँक खातं स्वतःच्याच नावाचं लागतं. दोन वर्षं व्यवहार झाला नसेल तर बँक ते निष्क्रिय ठरवते आणि पगार अडू शकतो. आधी केवायसी करून घ्या.

यापूर्वी कुठेही पीएफ कापला गेला असेल तर तुमचा यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक, आहेच. तोच द्या. घाईत नवा काढलात की दोन ठिकाणी पैसे अडकतात आणि ते एकत्र करताना नाकी नऊ येतात.

शोधायच्या जागांपैकी महास्वयं आणि नॅशनल करिअर सर्व्हिस ही सरकारी पोर्टलं, अपना आणि वर्कइंडिया ही ॲपं. ॲपवर एकाच जागेची जाहिरात तीन-तीन एजन्सी देतात. तिन्हीकडे नाव दिलं तर दुकानात "हा कोणाचा उमेदवार" यावरून वाद होतो आणि तुमचंच नाव कटतं. एका जागेसाठी एकच एजन्सी.

फसवणुकीच्या तऱ्हा फार नाहीत. नोंदणी फी, गणवेशाची अनामत, ट्रेनिंगचे पैसे मागितले की तिथून निघा. "घरबसल्या वस्तूंना स्टार द्या, दिवसाला दोन हजार" हे दुकानातलं कामच नव्हे. आणि सगळ्यांत धोक्याची गोष्ट: "पगारासाठी" म्हणून तुमचं पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम मागणारा माणूस. त्या खात्यातून चोरीचे पैसे फिरवतात, खातं गोठतं आणि पोलीस तुमच्या दारात येतात. पैसे गेलेच तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे पुढे सरकतात.

पहिले तीन दिवस

हंगामी माणसाला कोणी शिकवत बसत नाही. कपड्यांच्या दुकानात माल उघडणं सोपं, घडी पुन्हा जशीच्या तशी घालणं अवघड. साडीची मूळ घडी मोडली की ती जुनी दिसते आणि मागे पडते. पहिल्या दिवशी जुन्या माणसाकडून घडी शिकून घ्या, बाकी आपोआप येतं. कुठल्या मापाचा माल संपलाय हे सकाळीच बघून ठेवलं, की गिऱ्हाइकासमोर दहा डबे उपसायची वेळ येत नाही.

गल्ल्यावर बसवलं तर सुरुवातीची रक्कम मोजल्याशिवाय बसू नका आणि ती कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. यूपीआयचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. दुकानाच्या यंत्रानं आवाज दिला किंवा दुकानाच्या फोनवर रक्कम दिसली की मगच पिशवी द्या. गल्ल्यात कमी भरलं किंवा माल गहाळ झाला म्हणून सगळ्यांच्या पगारातून सरसकट कापणं बेकायदा आहे. नुकसान थेट तुमच्या हलगर्जीपणामुळे झालं असेल आणि तुम्हाला बाजू मांडायची संधी दिली असेल, तरच कपात करता येते. दंड लावला तरी तो पगाराच्या 3 टक्क्यांच्या वर जात नाही.

हजेरी रोज लिहून ठेवा: आल्याची वेळ, गेल्याची वेळ. मस्टरचा फोटो काढू देत नसतील तर निघताना स्वतःलाच व्हॉट्सॲप मेसेज टाका, त्यावर वेळ पडते. भांडण झालं तर हाच पुरावा.

हंगाम संपल्यावर

भाऊबीजेनंतर दुकानदार म्हणतो, "हिशोब महिन्याच्या शेवटी करू." 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार काम संपलेल्या माणसाचा पूर्ण हिशोब दोन कामकाजाच्या दिवसांत व्हायला हवा. आधी लेखी मागा. एजन्सीकडून असाल तर त्याची प्रत दुकानाच्या कंपनीलाही पाठवा. नाहीच झालं तर जिल्ह्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात अर्ज द्या, सोबत हजेरीची नोंद आणि पगार आल्याच्या बँक नोंदी.

बोनसचं जवळजवळ कोणीच विचारत नाही. वीस किंवा जास्त नोकर असलेल्या आस्थापनेत वर्षात किमान 30 दिवस काम केलं असेल आणि पगार ठरलेल्या मर्यादेत असेल, तर मिळवलेल्या वेतनावर किमान 8.33 टक्के बोनस निघतो. तो दिवाळीला हातात पडेलच असं नाही. आर्थिक वर्ष संपल्यावर आठ महिन्यांच्या आत द्यायचा असतो. त्यामुळे कंपनीला बँक खात्याचा नंबर आणि फोन नंबर तोच राहील असं सांगून ठेवा.

निघताना अनुभवपत्र घ्या, एजन्सीचं असलं तरी चालेल, पण त्यावर दुकानाचं नाव आणि तारखा हव्यात. मॅनेजरचा नंबर ठेवा. पुढच्या हंगामात मंजुरी आली की पहिला फोन गेल्या वर्षी शेवटपर्यंत टिकलेल्यांनाच जातो. आणि पीएफच्या पोर्टलवर सोडल्याची तारीख भरली गेली का ते बघा. एजन्सी ती भरायला हमखास विसरते, मग पुढच्या नोकरीत खातं जोडताना किंवा पैसे काढताना अर्ज परत येतो. शेवटची वर्गणी जमा झाल्यावर दोन महिन्यांनी ही तारीख तुम्हाला स्वतःलाही आधारच्या ओटीपीनं भरता येते.